हिप्परग्याच्या काठावर २०-६०×८० स्पॉटिंग स्कोप : चिखलपक्षी ओळखण्याच्या दृष्टीने एक परीक्षण

स्थलांतर करून येणारे चिखलपक्षी, म्हणजे पाण्याकाठच्या गाळात टोचून खाणारे तुतवारीसारखे पक्षी, ओळखण्यासाठी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने पाहायची जास्त पटींची दुर्बीण, घ्यावा का, आणि घ्यायचाच झाला तर नेमके कशासाठी पैसे मोजावेत, हा प्रश्न सोलापूर परिसरात पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. माझे उत्तर असे की स्कोप जरूर घ्यावा, परंतु खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेली साठपट मोठे दाखवण्याची क्षमता पाहून घेऊ नये. येथील उन्हात आणि येथील उघड्या गाळावर पंचवीस ते पस्तीस पट एवढाच टप्पा खरोखर कामाचा ठरतो. त्या टप्प्यात रंग न बिघडवता स्वच्छ दाखवणारे भिंग आणि वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड या दोन गोष्टी मिळाल्या की बाकीची वैशिष्ट्ये जाहिरातीपुरती उरतात.

मी वापरत असलेला स्कोप २०-६०×८० या मापाचा आहे, म्हणजे वीस ते साठ पटींपर्यंत झूम होणारा आणि ऐंशी मिलिमीटर व्यासाचे पुढचे भिंग असलेला. त्याचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचा भाग, पंचेचाळीस अंशांत तिरपा आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच आकड्यांचे आणि जवळपास याच घडणीचे मध्यम किमतीचे स्कोप बाजारात अनेक नावांनी मिळतात आणि पुढे लिहिलेले बरेवाईट त्या साऱ्या वर्गाला लागू पडते. नळीत नायट्रोजन भरलेला असल्याने आतून धुके धरत नाही, प्रिझम बीएके-४ या चांगल्या प्रतीच्या काचेचा आहे, मात्र पुढचे भिंग साध्या काचेचे आहे, प्रतिमेच्या कडेला रंग फुटू न देणाऱ्या ईडी काचेचे नाही. हा शेवटचा तपशील माहितीपत्रकात कुठेच लिहिलेला नसतो, आणि चिखलपक्ष्यांच्या बाबतीत नेमका तोच सर्वांत जास्त भोवतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

या वर्गातील पक्ष्यांसाठीच स्कोप का लागतो, हे आधी सांगायला हवे. नान्नजच्या माळरानावरचे किंवा गावाभोवतीच्या शाळूच्या रानांतले पक्षी ८×४२ अथवा १०×४२ दुर्बिणीने व्यवस्थित पाहता येतात, कारण ते पुष्कळदा रस्त्याच्या जवळ असतात आणि त्यांचे रंगही बोलके असतात. चिखलपक्षी मात्र पाण्याच्या काठाला असतात, आणि हिप्परग्याचा म्हणजेच सोलापूरजवळच्या एकरुखचा तलाव उतरू लागला की हा काठ दर आठवड्याला आपल्यापासून दूर सरकत जातो. १८७१ मध्ये पूर्ण झालेल्या या तलावाचे पाणी पावसाळ्यानंतर भरलेले असते, तेव्हा काठाला गवत आणि झुडपे असतात आणि या पक्ष्यांना पाय टेकायला फारशी जागा नसते. डिसेंबर-जानेवारीत गाळ उघडा पडू लागतो आणि तुतवार, टिलवे, चिखल्या यांचे थवे त्यावर पसरतात, पण तोवर आपण आणि ते यांच्यात दोनअडीचशे मीटर मऊ चिखल आलेला असतो. त्यात पाय घातला तर माणूस रुततो आणि पक्षी उडतात. अडीचशे मीटरवरचा पक्षी आठपटीच्या दुर्बिणीतून सुमारे तीस मीटरवर असल्यासारखा दिसतो, आणि तीस मीटरवरून चिमणीएवढ्या करड्या पक्ष्याच्या पायांचा रंग सांगणे अवघड असते. तीसपटीच्या स्कोपमधून तोच पक्षी आठेक मीटरवर येतो, आणि ओळखीच्या खुणा जवळजवळ साऱ्या याच अंतराच्या टप्प्यात उलगडतात.

सर्वांत चांगली कसोटी छोट्या टिलव्याची आणि टेमिंकच्या टिलव्याची. दोघेही जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटरचे, दोघेही हिवाळ्यात वरून करडे-तपकिरी आणि खालून पांढरे, दोघेही उत्तरेकडील टुंड्रा प्रदेशांतून येणारे. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर-हिरवट. छोट्याच्या पाठीवरच्या पिसांत मधोमध गडद रेघा असल्याने पाठ थोडी खवलेदार वाटते, तर टेमिंकची पाठ एकसारखी मातकट असते. टेमिंकच्या छातीवर करड्या रंगाचा पट्टा आरपार गेलेला असतो, त्यामुळे तो सामान्य तुतवारीची छोटी प्रतिकृती भासतो. छोट्याची छाती मधोमध पांढरी राहते. ही वर्णने सर्वांना पाठ असतात, परंतु दुर्बिणीतून दोनशे मीटरवर त्यांतली एकही खूण पक्की करता येत नाही आणि मग यादीत नुसते 'टिलवा' असे लिहून पुढे जावे लागते. स्कोपने तीसपटीवर हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात, सूर्य पाठीशी असताना, टिलव्याच्या पाठीवरील एकेका पिसाची फिकट किनार मोजता येईल इतकी प्रतिमा स्वच्छ मिळते.

पायांच्या रंगाबाबत मात्र येथे एक स्थानिक अडचण आहे. आपल्याकडचा गाळ काळ्या मातीचा आहे. तो ओला असताना टेमिंकच्या पिवळसर पायांना असा काही चिकटतो की गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यापर्यंत पाय काळेच दिसतात, आणि वाळला की छोट्या टिलव्याचे काळे पायही राखाडी-फिकट दिसू लागतात. म्हणून पायाचा रंग सांध्याच्या वरच्या भागावर पाहावा, जिथे चिखल क्वचित पोहोचतो. ही जागा पाहण्यासाठी स्कोपच लागतो. पक्षी उथळ पाण्यातून चालून गेला की लगेच पुन्हा पाहावे, कारण तेवढा वेळ पाय धुतलेले असतात.

ईडी काच नसल्याचा तोटा येथेच लक्षात येतो. ओल्या गाळावरून परावर्तित होणारा प्रकाश प्रखर असतो आणि त्यापुढे उभा असलेला पाय काडीसारखा बारीक. अशा उजेड-काळोखाच्या सीमेवर साध्या भिंगाच्या स्कोपमध्ये एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट कड उमटते. पाय जाड असता तर ही कड दुर्लक्षिता आली असती, पण टिलव्याच्या पायाची जाडी आणि त्या कडेची जाडी जवळपास सारखीच होते आणि मग आपण पाहतो तो हिरवा रंग पायाचा की काचेचा, हे ठरवता येत नाही. वीस ते तीस पटींपर्यंत ही कड सहन होण्याजोगी आहे. चाळिसाच्या पुढे ती ठळक होते आणि साठपटीवर तर पक्ष्याभोवती जांभळी झालरच दिसते. पायांचा रंग ही ज्या पक्ष्यांची मुख्य ओळख आहे, त्यांच्यासाठी घेतलेल्या उपकरणाने रंगातच घोटाळा करावा, हा या वर्गातील स्कोपचा सर्वांत मोठा दोष मला वाटतो.

तुतवारींच्या बाबतीत स्कोपची कामगिरी अधिक चांगली आहे, कारण तेथे खुणा मोठ्या आहेत. ठिपकेवाल्या तुतवारीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब जाते, तर हिरव्या तुतवारीची भुवई चोच ते डोळा एवढ्याच अंतरात संपते. ठिपकेवालीची पाठ तपकिरी असून तिच्यावर फिकट ठिपके दाट असतात, पाय पिवळसर आणि लांब असतात. हिरवी तुतवार वरून बरीच गडद, ठिपके अगदी बारीक आणि पाय आखूड व मळकट हिरवे. सामान्य तुतवार या दोघींपेक्षा सोपी, कारण तिच्या पंखाच्या पुढच्या बाजूने छातीच्या पांढऱ्या रंगाची पाचर खांद्याकडे वर घुसलेली असते आणि शेपूट सतत वरखाली हलत असते. पंचवीसपटीवर या तिन्ही एकाच दृष्टिक्षेत्रात आल्या तर तुलना करताना जी खात्री वाटते, ती कोणत्याही चित्राने येत नाही. आपल्याकडे ठिपकेवाल्या बहुधा थव्यात आणि हिरवी बहुधा एकटीदुकटी असते. ही सवय ओळखीला दुजोरा देते, पण पुरावा म्हणून पुरत नाही.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. हिरव्या तुतवारीची खरी खूण ती उडाल्यावर दिसते. तिच्या पंखांखालचा भाग जवळजवळ काळा असतो, त्यापुढे कमरेचा पांढरा चट्टा झळकतो आणि ती खणखणीत, चढत्या स्वरात ओरडते. ठिपकेवालीचे पंख खालून फिकट असतात आणि तिची हाक भराभर येणारी, तुटक 'चिफ-इफ-इफ' अशी असते. उडत्या पक्ष्यावर स्कोप लावणे म्हणजे तो हरवणे. वीसपटीलाही हजार मीटरवर जेमतेम पस्तीस-चाळीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर १०×४२ दुर्बिणीतून त्याच अंतरावर शंभर मीटरच्या वर दिसतो. म्हणून स्कोप ही दुर्बिणीची जागा घेणारी वस्तू नाही, आणि ज्यांच्याकडे चांगली दुर्बीण नाही त्यांनी आधी दुर्बीणच घ्यावी. गळ्यात दुर्बीण ठेवावी, थवा तिच्याने चाळावा, संशयास्पद वाटेल त्या पक्ष्यावरच स्कोप लावावा आणि पक्षी उडताच पुन्हा दुर्बिणीकडे व कानांकडे वळावे, हीच कामाची पद्धत आहे.

मार्श सँडपायपर आणि ग्रीनशँक या दोन चिखलपक्ष्यांतील फरक पाहण्यासाठी स्कोपचा उपयोग अगदी सरळ आहे. मार्श सँडपायपरची चोच सुईसारखी बारीक आणि सरळ, ग्रीनशँकची बुंध्याशी जाड आणि टोकाकडे किंचित वर वळलेली. वर वळण्याची ही छटा दुर्बिणीतून दिसल्यासारखी वाटते, स्कोपमधून खरोखरच दिसते. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतालचे पिवळे कडे तर पंचवीसपटीवर इतके ठसठशीत दिसते की केंटिश चिखल्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही केंटिशच्या छातीवरचा पट्टा मधे तुटलेला असतो, पाय काळे असतात आणि उडताना पंखावर पांढरी रेघ दिसते, हे ध्यानात ठेवावे. काळ्या शेपटीचा पाणटिवळा आणि शेकाट्या यांच्यासाठी स्कोपची गरजच नाही.

रफ या पक्ष्याविषयी मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण स्कोप हाती आल्यावर सर्वाधिक गोंधळ याच पक्ष्याने होतो. नर सुमारे तीस सेंटिमीटरचा आणि मादी त्याहून स्पष्टपणे लहान. पायांचा रंग नारिंगीपासून हिरवटापर्यंत काहीही असू शकतो आणि हिवाळ्यात अंगावर एकही ठाम खूण नसते. नवखा निरीक्षक एकाच थव्यात दोन जातींचे पक्षी मोजतो. स्कोपमधून पाहताना मी आता पाठीवरची मोठी, फिकट किनारीची खवलेदार पिसे, मानेच्या मानाने लहान डोके आणि मध्यम लांबीची, किंचित खाली झुकलेली चोच या तीन गोष्टी एकत्र पाहतो. उडाला तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे लांबट गोल दिसतात, आणि तेही दुर्बिणीनेच पाहावे लागतात.

येथे स्कोपच्या एका अंगभूत मर्यादेचा उल्लेख आवश्यक आहे. तीसपटीच्या गोलात एकटा पक्षी भरून उभा राहिला की त्याच्या आकाराचा अंदाज पार बिघडतो. आजूबाजूला काहीच नसल्याने टिलवा तुतवारीएवढा आणि तुतवार रफएवढी वाटू लागते. यावर उपाय म्हणजे चौकटीत ओळखीचा दुसरा पक्षी येईपर्यंत थांबणे. गाळावर हिवाळ्यात पिवळा धोबी जवळजवळ नेहमीच असतो. लांब शेपटीसकट तो सतरा-अठरा सेंटिमीटरचा भरतो, आणि त्याच्यापेक्षा लहान भासणारा चिखलपक्षी टिलव्यांपैकीच असण्याची शक्यता फार मोठी. टिटवी, शेकाट्या आणि धोबी यांची मापे डोळ्यांत बसली असतील तर वेगळी पट्टी लागत नाही.

आता साठपटीचा विषय. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, हा भागाकार केला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ऐंशी मिलिमीटरच्या स्कोपला वीसपटीवर ती चार मिलिमीटर असते, म्हणजे १०×४२ दुर्बिणीच्या जवळपास. साठपटीवर ती सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. प्रतिमा अंधारते, डोळा बरोबर मध्यभागी ठेवला नाही तर काळोख होतो आणि हजार मीटरवरचे दृष्टिक्षेत्र वीस मीटरच्या आत येते. एवढे सोसूनही तपशील वाढला असता तर तक्रार नव्हती. पण आपल्या हवेत तो वाढत नाही, याचे कारण उन्हाची झळ. सूर्य वर आला की गाळ तापतो, त्याला लागून असलेली हवा तापून वर येते आणि वरच्या थंड हवेत मिसळताना तिच्यातून जाणारा प्रकाश क्षणोक्षणी वाकतो. परिणामी पक्षी थरथरतो आणि त्याच्या चोचीला लाटा येतात. जितकी पट जास्त, तितकी ही थरथरही मोठी होऊन दिसते, आणि तिच्यापुढे महागातले महाग भिंगही हतबल असते. जानेवारीत सातच्या सुमारास सूर्योदय झाल्यापासून साधारण नऊपर्यंत हिप्परग्यावर चाळीसपटही चालते. दहानंतर तिशीच्या वर जाण्यात अर्थ नसतो, आणि मार्च उजाडला की ही वेळ आणखी मागे येते. ज्या दिवशी ढगाळ असते त्या दिवशी मात्र दुपारीही स्वच्छ पाहता येते, म्हणून अशा दिवसाची वाट पाहणे फायद्याचे ठरते.

उभे राहण्याची जागा बदलूनही काही प्रमाणात फरक पडतो. गाळाच्या पातळीवरून पाहिल्यास नजर अडीचशे मीटर तापलेल्या थरातूनच प्रवास करते. बांधावरून किंवा एखाद्या उंचवट्यावरून पाहिल्यास नजरेचा बराचसा मार्ग त्या थराच्या वरून जातो आणि थरथर जाणवण्याइतकी कमी होते. अडचण अशी की बांधावर वारा असतो, आणि तेथे ट्रायपॉडची परीक्षा होते.

स्कोपसोबत विक्रेत्याने 'मोफत' दिलेला ट्रायपॉड टेबलावर ठेवण्याच्या मापाचा होता, त्याचा उल्लेख करण्यापलीकडे त्यात काही नाही. पावणेदोन किलोच्या आसपासचा स्कोप पेलणारा, किमान दोन-अडीच किलो वजनाचा आणि मधली दांडी वर न काढता डोळ्यापर्यंत येणारा ट्रायपॉड वेगळा घ्यावाच लागतो, आणि स्कोपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत त्यावर खर्च करण्याची तयारी ठेवावी. ट्रायपॉडचे डोके फोटोग्राफीचे बॉल हेड नको, व्हिडिओसाठीचे, तेलाच्या रोधाने सावकाश फिरणारे फ्लुइड हेड असावे, कारण चालणाऱ्या टिलव्यामागे स्कोप हलक्या हाताने फिरवावा लागतो आणि थांबल्यावर तो जागीच राहावा लागतो. पायांची कुलुपे खटक्याची घ्यावीत. पिळून बंद होणाऱ्या कुलुपांत आपली काळी चिकण माती शिरली की घरी येऊन ती उघडून धुवावी लागतात आणि तरी पुढच्या वेळी करकरतात. वारा असेल तर पाय आखूड करून खाली बसावे आणि मधल्या दांडीला पिशवी टांगावी.

तिरपा आयपीस घेतल्याचे समाधान येथेच मिळते. खाली बसून पाहताना मान मोडत नाही, आणि वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना ट्रायपॉड न हलवता आळीपाळीने पाहता येते. तलावावर जाळी लावणारे मासेमार 'काय बघायलाव ओ सर, मासे का?' असे विचारत हमखास जवळ येतात. त्यांना आयपीसला डोळा लावू दिला की रोज पायांजवळून उडणाऱ्या पक्ष्याची पिसे पाहून ते जे बोलतात ते ऐकण्यासारखे असते, आणि अलीकडे पाणी कुठे उतरले, थवे कोणत्या बाजूला बसतात, ही माहिती त्यांच्याकडूनच मिळते. सरळ आयपीसचा स्कोप पक्ष्यावर रोखायला सोपा असतो हे खरे, पण तिरप्याचीही सवय लवकर होते.

चष्मा लावणाऱ्यांनी आयपीसपासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसते, हा आकडा विचारून घ्यावा. तो पंधरा मिलिमीटरच्या खाली असेल तर चष्म्यासकट पाहताना कडा कापल्या जातात. झूम आयपीसमध्ये हे अंतर पटीनुसार बदलते आणि माझ्या स्कोपमध्ये मधल्या टप्प्यात ते सर्वांत कमी आहे, नेमके जेथे जास्त वेळ पाहायचे असते तेथे. आयपीसची रबरी कडा खाली दुमडून काम भागते.

मोबाईल जोडण्याचा क्लॅम्प वेगळा मिळतो. त्याने काढलेली छायाचित्रे नोंदीचा पुरावा म्हणून ठीक असतात. पण ती पक्षी ओळखणाऱ्या ॲपला देऊन निर्णय त्याच्यावर सोपवू नये, कारण मोबाईल रंग स्वतःच्या मर्जीने उजळतो आणि टिलव्यांत रंगाच्या छटेवरच सारे अवलंबून असते. मोबाईलचा अधिक चांगला उपयोग व्हिडिओसाठी आहे. पक्षी भराभर धावत टोचतो आहे की गवताच्या कडेने दबकत सावकाश सरकतो आहे, हे व्हिडिओत टिपले जाते, आणि पहिली चाल छोट्या टिलव्याची तर दुसरी टेमिंकची. स्कोपचा आणखी एक उपयोग सहसा कुणी सांगत नाही. बीएनएचएससारख्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) संस्था चिखलपक्ष्यांच्या पायांत रंगीत पट्ट्या बसवतात आणि काहींवर अक्षरे व अंक असतात. पन्नाससाठ मीटरवर अशी पट्टी आली तर ती वाचण्याच्या कामी जास्त पट थोडा वेळ का होईना उपयोगी पडते.

कुठे हा स्कोप नेऊ नये, हेही लिहितो. उजनीवर भिगवण-कुंभारगावच्या बाजूने नावेतून पाहणाऱ्यांना त्याचा काहीच उपयोग नाही, कारण हलत्या नावेत वीसपटही स्थिर राहत नाही. तेथे दुर्बीणच हवी. करमाळा तालुक्याच्या बाजूने गाळपेरीच्या जमिनीच्या कडेला ट्रायपॉड रोवून उभे राहता येत असेल तर मात्र हिप्परग्याइतकाच लाभ होतो. शहरातल्या कंबर तलावावर काठ जवळ आहेत आणि ठिपकेवाल्या तुतवारी दुर्बिणीच्या टप्प्यात येतात, तेवढ्यासाठी पाच किलोचे ओझे स्कूटरवर बांधण्याची गरज नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिले पक्षी येतात तेव्हा त्यांत त्याच वर्षी जन्मलेले बरेच असतात. छोट्या टिलव्याच्या पिल्लांच्या पाठीवर या काळात इंग्रजी व्ही अक्षरासारखी पांढरी रेघ असते, आणि ती पाहायची तर स्कोप पावसाळा संपताच बाहेर काढावा, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांबू नये. तोवर ती पिसे बदलून गेलेली असतात.

देखभालीत धूळ हाच मुख्य शत्रू आहे. भिंगावर आधी फुंकणीने हवा मारावी, मग मऊ ब्रश, आणि शेवटी मायक्रोफायबरचे कापड. सोलापुरी टॉवेलची कीर्ती कितीही असली तरी तो भिंगाला लावू नये. स्कोपसोबत आलेले कापडी आवरण पावसापासून बचावत नाही आणि त्याची चेन लवकर बिघडली. झूमचे कडे पहिल्यापासून जड आहे आणि थंडीत अधिक जड होते, पण मी पट तिशीवर ठेवून ते फारसे फिरवतच नसल्याने त्याचा त्रास वाटत नाही.

पुन्हा घ्यायचा झाला तर त्याच पैशांत ईडी काचेचा पासष्ट मिलिमीटरचा स्कोप घेईन. त्याचा झोत वीसपटीवर सव्वातीन मिलिमीटर भरतो, वजन बरेच कमी असते आणि तिशीच्या टप्प्यात रंग शाबूत राहतात. ऐंशी मिलिमीटरचा जास्तीचा प्रकाश पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अर्ध्या-पाऊण तासापुरताच जाणवतो. सोलापुरात असे स्कोप हातात घेऊन तुलना करता येईल असे दुकान मला सापडले नाही, त्यामुळे पुण्याला जाऊन पाहणे किंवा ऑनलाइन मागवणे एवढेच पर्याय राहतात. ऑनलाइन मागवल्यास परतीची मुदत संपण्यापूर्वी घराच्या गच्चीवरूनच तपासणी करून घ्यावी. उजळ आकाशापुढे विजेच्या तारेवर बसलेला कावळा किंवा वेडा राघू तीसपटीवर पाहावा आणि त्याच्या कडेला जांभळा-हिरवा रंग किती उमटतो ते पाहावे. मग तार चौकटीच्या कडेला नेऊन ती तेथेही धारदार दिसते का, आणि झूम फिरवताना फोकस सुटतो का, हे तपासावे. रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस किंचित पुढे-मागे करून दिसणारे वर्तुळ एकाच बाजूला ओढलेले दिसत असेल तर भिंगे सरळ रेषेत बसलेली नाहीत, आणि असा स्कोप दुरुस्तीला न देता थेट परत करावा.